पावशा बोलला

आमच्या मळ्यातल्या विहिरीत उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पोरं एक खेळ खेळायचो. त्याला नाव नव्हतं. एकाने डोळे मिटून बुडी मारायची. दुसऱ्याने विहिरीच्या एखाद्या कपारीला धरून पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटायचे. बुडी मारलेल्याने दम संपायच्या आत आवाज कुठून आला ते बोट करून दाखवायचं. इतक्या उन्हाळ्यांत कुणी एकदा तरी बरोबर दाखवल्याचं मला आठवत नाही. दगड पूर्वेच्या कपारीत वाजायचा आणि पोरगं पश्चिमेला बोट करून वर यायचं. नाकातलं पाणी शिंकरत ते इकडेतिकडे बघू लागलं की काठावरचे सगळे खिदळायचे. आवाज मात्र कानाशी लागून बोलावं इतका स्पष्ट असायचा. फक्त त्याला दिशा नसायची, तो थेट डोक्याच्या आत वाजायचा. जुन्या थारोळ्यावर बिडी ओढत बसलेले आबा म्हणायचे, “पाण्यात कान भुलते, बाप्पा.”

कान का भुलतो ते मला चाळिशी गाठताना कळलं. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पाण्यात १५००. जमिनीवर डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी आणि उजव्याला किंचित नंतर ऐकू येतो. त्या किंचितच्या हिशेबावर मेंदू दिशा ठरवतो. पाण्यात आवाज चौपटीहून जास्त वेगाने येतो, दोन्ही कानांवर जवळजवळ एकदमच आदळतो आणि मेंदूचा हिशेब चुकतो. आबांनी हेच चार शब्दांत सांगितलं होतं. मला ते देवमाशांबद्दल वाचताना नव्याने कळलं.

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाने देवमाशांबद्दल वाचत बसणं हे तसं रिकामपणाचंच लक्षण. इथून सरळ रेघ मारली तरी समुद्र साडेतीनशे किलोमीटरच्या पलीकडे. लहानपणी माझा समुद्र म्हणजे लोणारचं सरोवर. मामाच्या गावाला जाताना एकदा काठावरून ते दाखवलं होतं. पाणी खारट आहे हे ऐकल्यावर माझी खात्रीच पटली. त्यात मासे का नाहीत, एवढीच एक शंका उरली होती. मुंबईचा समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, याला पलीकडचा काठ कसा काय बांधला नाही?

पण एक हिशेब मला गुंगवतो. लोणारच्या काठावर कुणी हाक मारली आणि ती विरली नाही असं समजलं, तर हवेतून समुद्रापर्यंत पोचायला तिला अठरा-एकोणीस मिनिटं लागतील. तेवढंच अंतर पाण्यातून असेल तर चार मिनिटं पुरतात. आणि पाण्यात खर्जातली हाक खरोखरच फार लांबवर विरत नाही. निळा देवमासा हा आजवर पृथ्वीवर झालेला सर्वांत मोठा प्राणी. तो खर्जात गातो, आणि त्याचा आवाज शेकडो किलोमीटर जाऊ शकतो. समुद्रात नजर फार लांब पोचत नाही. ज्याला एवढ्या अंधारात जगायचं आहे तो कानावरच संसार करणार.

एका रात्री हे गाणं ऐकायचं ठरवलं. गव्हाला पाणी देण्याचे दिवस होते आणि शेतीची लाईन त्या आठवड्यात रात्रीची होती. विहिरीवरच्या खोलीत लाईनची वाट बघत बसलो होतो. मोबाइलवर निळ्या देवमाशाच्या गाण्याचं मुद्रण लावलं. काहीच ऐकू आलं नाही. आवाज पूर्ण वाढवला, मोबाइल कानाला लावला. तरीही बाहेरच्या रातकिड्यांपलीकडे काही नाही. मोबाइल बिघडला असावा म्हणून एक भजन लावून पाहिलं, ते खणखणीत वाजलं. मग लक्षात आलं की हा आवाज सेकंदाला तीस-चाळीस कंपनांचा आहे. माणसाच्या कानाची खालची धाव वीसपाशी संपते आणि मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरची त्याच्या कितीतरी वरच. म्हणून अभ्यासक हे गाणं अनेक पट वेगाने वाजवतात, तेव्हा ते आपल्याला नीट ऐकू येतं. तसं वाजवलं तेव्हा कुठे दूरवर कुणी रिकामी कोठी ढकलत न्यावी तसं काहीसं ऐकू आलं.

निळ्या देवमाशाचा आवाज जसाच्या तसा काढू शकेल असं आमच्या गावात एकच यंत्र आहे. डीजे. वरातीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भिंतीसारखे रचलेले जे खोके असतात, ज्यांच्यापुढे उभं राहिलं की छातीचा पिंजरा हलतो आणि घरातल्या फळीवरची पितळी भांडी सरकतात, ते साधारण याच पट्टीत वाजतात. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या प्राण्याच्या स्वराला साजेसा गळा आपण बनवला आणि तो नवरदेवाच्या घोड्यापुढे लावून दिला.

या गाण्यावरून देवमाशांचा हंगाम ओळखता येतो, हे मला लक्षद्वीपच्या अभ्यासातून समजलं. दिव्या पणिक्कर या संशोधिकेने कवरत्ती बेटाजवळ दोन ठिकाणी पाण्याखाली आवाज टिपणारी यंत्रं ठेवली. २०१८ च्या अखेरीपासून २०२० च्या सुरुवातीपर्यंत ती तिथे होती. असं यंत्र म्हणजे एक बंदिस्त नळकांडं. त्यात पाण्यात चालणारा माईक, म्हणजे हायड्रोफोन, बॅटरी आणि साठवणीचं कार्ड. वजन बांधून ते तळाला सोडायचं आणि निघून यायचं. महिन्यांनी परत जाऊन वर काढायचं. मग सुरू होतं खरं काम. हजारो तासांचं मुद्रण कुणी बसून ऐकत नाही, ते डोळ्यांनी वाचतात. आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर स्वराची उंची, आणि जिथे आवाज तिथे उजळ डाग. असं चित्र काढलं की बोटीच्या इंजिनाचा लांबच लांब पट्टा वेगळा दिसतो, पावसाची सर वेगळी दिसते आणि देवमाशाच्या गाण्याचे डाग एकामागे एक, ठरावीक अंतराने उमटलेले दिसतात. शेतात गव्हाच्या ओळी आणि मधे उगवलेलं तण जसं लांबूनच ओळखू येतं, तसंच.

कवरत्तीच्या त्या चित्रात निळ्या देवमाशांचं गाणं निघालं. भारताच्या समुद्रात त्याचं मुद्रण झाल्याची ही पहिली नोंद, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. गाणं वर्षभर सारखं नव्हतं. दोन मोसमी पावसांच्या मधल्या काळात ते वाढत होतं आणि एप्रिल-मे महिन्यांत सर्वांत दाट होतं.

एप्रिल-मे हे शब्द वाचून मी थांबलो. कारण नेमक्या याच दिवसांत आमचा जिल्हाही कान टवकारून बसलेला असतो. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ नावाचं गाव आहे. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी तिथल्या शेतात घटमांडणी होते. वाघ घराण्याकडे हा मान आहे आणि परंपरा साडेतीनशे वर्षांची असल्याचं सांगतात. जमिनीवर गोल आखून अठरा प्रकारची धान्यं मांडतात. मधे खड्डा करून त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं ठेवतात, त्यावर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पापड, कुरडई, करंजी, पुरी. पानविडा म्हणजे राजा, पुरी म्हणजे पृथ्वी. रात्रभर तिकडे कुणी फिरकायचं नाही. पहाटे कोणतं धान्य सरकलं, कोणतं ढेकूळ किती भिजलं, पान हललं की जागच्या जागी आहे, हे बघून पाऊस-पीकपाणी सांगतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत चौकट येते आणि अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचा आक्षेपही येतो. मीही शास्त्र शाखेचाच. तरी चौकट वाचल्याशिवाय माझं पान उलटत नाही. ज्याने बियाण्यासाठी कर्ज काढलंय त्याला भाकीत खोटं असलं तरी हवंच असतं.

हा पाऊस येतो कुठून? बराचसा, ज्या अरबी समुद्रात ते गाणं चाललेलं असतं तिथूनच. भेंडवळला घट मांडले जातात तेव्हा लक्षद्वीपच्या आसपास निळे देवमासे गात असतात. मग वारं फिरतं, साधारण १ जूनला पाऊस केरळात उतरतो आणि जूनच्या मध्याला आमच्या नांगरटीवर येतो. इतर महासागरांतले मोठे देवमासे उन्हाळ्यात थंड ध्रुवाकडे जातात आणि हिवाळ्यात परततात. अरबी समुद्राच्या उत्तरेला मात्र आशियाची भिंत आहे, तिकडे वाट नाही. मग इथल्या देवमाशांनी मोसमी वाऱ्यांचंच पंचांग मानलं. वारं समुद्र घुसळतं, खालचं थंड, कसदार पाणी वर येतं, त्यावर कोळंबीसारखे जीव पोसतात आणि त्यांच्यावर देवमासे. म्हणजे तेही आमच्यासारखेच कोरडवाहू, सगळं वाऱ्यावर अवलंबून.

पण घटमांडणी आणि तळाशी ठेवलेलं ते नळकांडं यांत एक फरक आहे. घट पुढचं सांगतो. नळकांडं फक्त मागचं सांगतं. अमुक तारखेला, अमुक वाजता, इथे कुणीतरी होतं, एवढंच. त्यात भविष्य नाही, नुसती हजेरी आहे. आणि आपल्याकडे भविष्याला जेवढं गिऱ्हाईक आहे तेवढं हजेरीला नाही.

हजेरी घेणाऱ्यांना आणखी एक गोष्ट कळली. सगळे निळे देवमासे एकच गाणं गात नाहीत. श्रीलंकेजवळ १९८४ मध्ये एक गाणं नोंदलं गेलं होतं, लक्षद्वीपचं त्याच घराण्यातलं निघालं. मादागास्करकडे वेगळं, ऑस्ट्रेलियाकडे वेगळं. ओमानकडच्या समुद्रात आणखी निराळंच गाणं सापडल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं. आम्हाला यात नवल नाही. आमचा जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा दोन भागांत विभागलेला. मेहकर-चिखली घाटावर, मलकापूर-नांदुरा घाटाखाली. एसटी बोथ्याच्या घाटातून खाली उतरली की तासाभरात “का म्हणता”चा हेल बदललेला असतो. बाजारात नुसतं तोंड उघडलं की समोरचा विचारतो, “घाटावरचे काय?” देवमाशांचे अभ्यासक तेच करतात. अंगावर फारसा फरक दिसत नाही, पण हेलावरून गाव ओळखू येतं.

एका गावाचा पत्ता तर बाँबच्या पहाऱ्यातून लागला. जगात कुठे चोरून अणुस्फोट होतो का हे ऐकण्यासाठी आंतरराष्ट्रीय करारानुसार समुद्रांत कायमचे माईक टाकलेले आहेत. हिंदी महासागरात दिएगो गार्सिया बेटाजवळ त्यांतले काही आहेत. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तिथल्या जवळपास दोन दशकांच्या नोंदी चाळल्या तेव्हा त्यांत एक आजवर न ओळखलेलं गाणं वर्षानुवर्षं चाललेलं सापडलं. २०२१ मध्ये त्यांनी सांगितलं, ही निळ्या देवमाशांची एक निराळीच वस्ती असावी. इतक्या प्रचंड प्राण्यांचा अख्खा गोतावळा माणसाच्या नजरेतून सुटला होता. स्फोटासाठी लावलेल्या कानात मात्र तो येऊन बसला होता.

देवमाशाचा माग काढायची दुसरीही रीत आहे. त्याच्या अंगावर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवायचं. ओमानच्या किनाऱ्याजवळ २०१७ च्या अखेरीस एका कुबड असलेल्या देवमाशाच्या मादीला, हम्पबॅकला, असं यंत्र बसवलं. नाव ठेवलं लुबान. ती समुद्र ओलांडून गोव्यापर्यंत आली, खाली कन्याकुमारीकडे गेली आणि परत ओमानला गेली. लुबान म्हणजे आपला लोबान. हे वाचताना मला सैलानीची यात्रा आठवली. होळीच्या सुमारास बाबांच्या दर्ग्यावर नारळांची होळी पेटते आणि लोबानाच्या धुराने डोळे चुरचुरतात. ओमानात लोबान ज्या झाडाचा डिंक आहे, त्याचं भावकीतलं झाड म्हणजे सातपुड्याच्या उतारांवरची आमची सालई. ओमानचा देवमासा आमच्यापासून किती लांब, हे मोजायला किलोमीटर पुरत नाहीत.

आमच्याकडेही एक लुबान येऊन गेला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ गळ्यात पट्टा घेऊन २०१९ च्या पावसाळ्याच्या तोंडावर निघाला आणि तेराशे किलोमीटरहून जास्त चालत डिसेंबरात आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पट्टा काढेपर्यंत त्याची चाल तीन हजार किलोमीटरवर गेली. तो कपाशीतून, तुरीतून, किती वस्त्यांच्या उशापासून रात्री निघून गेला असेल. पट्टा नसता तर आम्हाला कुणाला पत्ता लागला नसता. पण पट्टा एकाचाच हिशेब देतो. पाण्यातला माईक, जो कुणी बोलेल त्या सगळ्यांचा देतो. अडचण इथेच आहे. जो बोलणार नाही त्याचं काय?

निळ्या देवमाशांत गाताना आढळलेले आजवरचे सगळे नर आहेत. मादी आपल्या पिलाला घेऊन यंत्राच्या अगदी डोक्यावरून गेली तरी गाण्याच्या खात्यात ती जमा होत नाही. नरही बारा महिने गात नाही. म्हणून अभ्यासकांचं वाक्य जपून केलेलं असतं. आवाज आला, म्हणजे देवमासा होता. आवाज आला नाही, म्हणजे एवढंच की आवाज आला नाही.

हे वाक्य मी प्रथम वाचलं तेव्हा मला चौथीचा वर्ग दिसला. नव्वदच्या दशकात सरकारने योजना आणली होती, ज्याची हजेरी ऐंशी टक्के असेल त्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ. आमच्या वर्गात खिडकीजवळ एक मुलगा बसायचा. तो अडखळत बोलायचा. ‘ह’ त्याच्या तोंडून निघायचाच नाही, त्यामुळे ‘हजर’ हा शब्द त्याच्यासाठी डोंगर होता. गुरुजी मान खाली घालून भराभरा नावं वाचायचे. त्याचं नाव आलं की तो उभा राहायचा, ओठ आवळायचा, तोवर पुढचं नाव आलेलं असायचं. आम्ही त्याच्याकडे बघून हसायचो. तो हजर आहे, असं आमच्यातल्या एकानेही कधी सांगितलं नाही. महिन्याच्या शेवटी तांदूळ वाटले गेले तेव्हा त्याची पिशवी रिकामी राहिली. ती घडी करून, चड्डीच्या खिशात कोंबून तो घरी गेला. वर्षभर समोर बसलेल्या मुलाच्या नावापुढे ‘गै’ लिहिलं जात होतं, कारण हजेरी कानाने घेतली जात होती.

समुद्राचं उलटं झालं. तिथे आपण बराच काळ हजेरी फक्त डोळ्यांनी घेतली, आणि तीही मेलेल्यांची. सोव्हिएत जहाजांनी १९६६ च्या सुमारास अरबी समुद्रात २४२ हम्पबॅक चोरून मारले. हा हिशेब कित्येक वर्षांनी उघड झाला. आज या समुद्रातल्या हम्पबॅकांची संख्या शंभराच्या आत असल्याचा अंदाज आहे. आपल्या किनाऱ्यावरही देवमासा बहुधा बातमी होऊन येतो. २०१५ च्या जूनमध्ये रेवदंड्याला बेचाळीस फुटी निळा देवमासा लागला. २०१६ च्या जानेवारीत जुहूच्या वाळूवर एक मेलेला. २०२३ च्या दिवाळीत गणपतीपुळ्याला अडकलेलं पिल्लू लोकांनी रात्रंदिवस खपून, अंगावर पाणी मारत मारत परत समुद्रात लोटलं, तरी ते वाचलं नाही. ती दृश्यं मी टीव्हीवर पाहिली. एवढ्या मोठ्या जिवाभोवती माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी होती आणि कुणीतरी त्याच्या अंगावर ओलं कापड टाकत होतं. शेतातली गाय बसली की उठवताना असंच चालतं. जिवंत, आपल्या कामात असलेला देवमासा मात्र फार थोड्यांच्या वाट्याला येतो. सिंधुदुर्गच्या समुद्रात होडीने फिरून देवमाशांच्या आणि डॉल्फिनच्या नोंदी ठेवणाऱ्या मराठी तरुण अभ्यासकांना २०१५ मध्ये निळे देवमासे दिसले, तेव्हा महाराष्ट्रात त्याची मोठी बातमी झाली. कितीतरी पिढ्यांनंतर ते दिसले, असं तेव्हा सगळे म्हणाले. या काळात ते आलेच नव्हते की आपण त्यांना ऐकलं नव्हतं, हा प्रश्न त्या बातमीत नव्हता.

ऐकण्याची गोष्ट निघाली म्हणून आणखी एक सांगतो. देवमासा मूळचा जमिनीवरचा. त्याचे पूर्वज चार पायांवर याच उपखंडात हिंडत होते. ए. रंगा राव या भारतीय भूगर्भशास्त्रज्ञाने जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटच्या परिसरातून दगड गोळा करून ठेवले होते. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नीने ते दगड हान्स थेविसेन या संशोधकाकडे दिले. दगडांत मांजराएवढ्या, हरणासारख्या एका प्राण्याची हाडं होती, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीची. एक कवटी साफ करताना चुकून फुटली आणि आतलं कानाचं हाड दिसलं. त्या हाडाची एक बाजू नको इतकी जाड होती, आणि तशी जाडी तोवर फक्त देवमाशांच्या कानात माहीत होती. २००७ मध्ये हा प्राणी, इंडोह्यस, देवमाशांचा जवळचा नातलग म्हणून जगापुढे आला. पायावरून नाही, दातावरून नाही, कानावरून तो ओळखला गेला. समुद्रात उतरण्याआधीच त्याच्या कानाने तयारी सुरू केली होती, असं मनात येऊन जातं. आमच्या विहिरीला ज्या काळ्या दगडाची बांधणी आहे तो त्याहून जुना, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. म्हणजे ज्या कपारीला धरून आम्ही दगड वाजवायचो, ती कपार जगात देवमासा नव्हता तेव्हाची आहे.

आता समुद्रात दगड वाजवणारे फार झालेत. मोठ्या जहाजांच्या पंख्यांचा घरघराट नेमका देवमाशांच्याच खर्जात असतो. २००१ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर काही दिवस जहाजांची वाहतूक मंदावली. कॅनडाजवळच्या फंडीच्या उपसागरात पाण्याखालचा गोंगाट सहा डेसिबलने उतरला आणि तिथल्या देवमाशांच्या विष्ठेतलं ताणाचं संप्रेरक कमी झालेलं आढळलं. ते वाचताना समृद्धी महामार्ग आठवला. आमच्या मळ्यापासून तो दोन किलोमीटरवर आहे. २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाला. मुंबईला जायला सोय झाली, खोटं कशाला बोलू? पण रात्री लाईनची वाट बघत बसलं की आता रातकिड्यांच्या खाली एक न थांबणारी घरघर असते. कान तिला सरावतो. सरावला म्हणजे त्याने काहीतरी ऐकणं सोडून दिलेलं असतं.

मी काय ऐकणं सोडलं, ते मला आबांच्या चोपडीने सांगितलं.

आबा गेल्यावर माळ्यावरच्या पेटीत लाल कापडाची एक जाड चोपडी निघाली. उधारी, सरकी, ढेप, बैलाचे नाल, कुणाच्या लग्नात किती आहेर. प्रत्येक वर्षाच्या हिशेबाच्या शेवटी एक ओळ वेगळी. ‘पावशा बोलला’ आणि पुढे तिथी. पावशा म्हणजे तो उन्हाळ्याच्या शेवटी चढत्या आवाजात ओरडत सुटणारा पक्षी. हिंदीवाल्यांना तो ‘पी कहाँ’ विचारतो. इंग्रजांना त्यात डोक्यात गेलेला ताप ऐकू आला. आमच्या शेतकऱ्याला ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ ऐकू येतं. पक्षी एकच. ज्याला ज्याची काळजी त्याला ते ऐकू येतं. आबांनी तीसेक वर्षं ही ओळ लिहिली होती. पाऊस किती पडेल याचा एक अक्षरानेही अंदाज नाही. नुसती हजेरी. समुद्राच्या तळाशी ठेवलेल्या त्या नळकांड्याने केलं असतं तेच काम एका चौथी शिकलेल्या माणसाने बोरूने आणि पुढे बॉलपेनने केलं होतं.

एकच वर्ष कोरं होतं. १९७३. हिशेब होता, तोही थोडकाच, पण शेवटची ओळ नव्हती. मी लगेच अर्थ लावला. १९७२ ला पाऊस पडला नव्हता, पुढचा उन्हाळा दुष्काळाचा. झाडं वाळली असतील, किडे नसतील, त्या वर्षी पावशा आलाच नसेल. अर्थ इतका चपखल होता की मला तो कुठेतरी लिहावासाही वाटला. शहाणपणा सुचला तो एवढाच की आधी आजीला विचारलं.

आजी ऐंशीच्या घरात आहे. डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही, उजव्याशी बसून बोलावं लागतं. चोपडी तिच्या मांडीवर ठेवली आणि विचारलं, त्या साली पावशा बोलला नाही का गं?

“कोन म्हनते नाई बोलला?” ती म्हणाली. “तुहे आबा घरी कुठं होते? ते तलावाच्या कामावर, खडी फोडाले. तीन महिने तिकडंच. मी लेकरं घेऊन मळ्यात राहत होती. बोलत होता ना पावशा. रोज पहाटी. मी आयकत होती.”

“मग लिहिलं का नाही?”

तिने चोपडीवरून हात फिरवला, शाईवरून, कोऱ्या जागेवरून. “मले लिहिता कुठं येते?”

मी पेन्सिल काढली आणि १९७३ च्या हिशेबाखाली लिहिलं, पावशा बोलला. मग तिच्या उजव्या कानाशी वाकून विचारलं, पहिल्यांदा कधी बोलला, काही आठवतं का, तिथी-वार?

“तिथी कोनाले ठाव?” आजी म्हणाली. “घरातली जवारी सरली, त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

तेच लिहिलं.